पंखा उलटा, खोली गरम

मंडळी, आज मी स्वतःवर जाम खूश आहे!

आमच्या नागानो शहरातल्या घरात हॉलमध्ये पेलेट स्टोव्ह आहे, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा. हॉल मस्त तापतो, पण मागच्या खोलीत सासूबाई स्वेटरवर शाल घेऊनही कुडकुडतात.

सकाळी पूजेनंतर त्यांच्या दारात उदबत्ती धरून पाहिली. धूर वरून खोलीत जात होता आणि खालून स्टोव्हकडे येत होता. मग मी त्यांच्या खोलीत जमिनीवर छोटा पंखा ठेवला, तोंड स्टोव्हकडे.

"अगं, थंडीत पंखा?" इंजिनिअर नवरा हसला.

पण थंड हवा बाहेर गेली आणि वरून गरम हवा आत आली. संध्याकाळी सासूबाईंनी स्वेटर काढून घडी घातली आणि लेकाला बजावलं, "पंख्याला हात लावू नकोस हं!"

तुमच्या घरातली सगळ्यात थंड खोली कोणाच्या वाट्याला आलीय?