पाट बंद करणारा पाटकरी

वना पाटकऱ्याचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. नदीला नाव आहे, पण गावात तिला नुसतं नदीच म्हणतात. तिच्यावर आडवा जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली गावची भिजणारी जमीन. या जमिनीचे चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि ठरल्या पाळीनं पाणी घ्यायचं. बिघाभरवाला असो की दहा बिघेवाला, पाळी चुकायची नाही. कुठे कागद नाही, सही नाही. तरी या पाण्यावरून कोणी कधी कोर्टाची पायरी चढलं नाही. पदवीवाले साहेब हे पाहायला धुळ्याहून जीपनं यायचे, वहीत लिहून न्यायचे आणि परत जाऊन आपले कालवे बिघडवायचे.

पाणी सोडणं, फिरवणं, वाटणं हे पाटकऱ्याचं काम. वनाच्या घरात ते आजोबापासून. माणूस उंच, काळा, बोलायला फटकळ. पाळी घ्यायला उशिरा आलेल्याला तो पाटात उभा राहून सात पिढ्या ऐकवायचा, पण पाणी मात्र पुरं द्यायचा. फडाचा सगळ्यात मोठा नियम एकच होता. चालू पाळीत पाटकऱ्यानं पाणी तोडायचं नाही. जो तोडील तो पाटकरी राहणार नाही.

सत्त्याऐंशी साली वरच्या अंगाला दारूचं स्पिरिट काढणारा एक कारखाना सुरू झाला. त्याची मळी, म्हणजे स्पिरिट काढून उरलेलं सांडपाणी, नाल्यातून नदीत येऊ लागली. पाणी तांबूस, मग चहासारखं, वास कुजक्या गुळाचा. आता खरं तर गावानं तेव्हाच बोंब मारायला हवी होती. पण इथेच गाव फसलं. पावसाळ्यात पहिल्या पुराचं तांबडं पाणी गाळ घेऊन येतं आणि तो गाळ आपल्या फडात पडावा म्हणून लोक पाटकऱ्याच्या मागे लागतात. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. मळीचं पाणीही त्यांनी त्याच डोळ्यांनी पाहिलं.

"आयतं खत शे भो," रुपचंद म्हणाला. हा फडातला मोठा शेतकरी, वनाचा लहानपणचा जोडीदार. "वना, पाटनं तोंड पुरं उघडं कर."

वनानं केलं. कोणी जबरदस्ती केली नाही, त्यालाही ते पटलं होतं. त्या साली गहू कमरेच्या वर गेला. लोकांनी पाटकऱ्याच्या घरी रीतीपेक्षा जास्त पेंढ्या टाकल्या.

पुढच्या साली कांदा सडला. त्याच्या पुढच्या साली वाफ्यांवर पांढरी खार फुटली आणि गहू उगवला तो टकलावरच्या केसांसारखा, इथे चार, तिथे चार. नदीतले मासे उलटे होऊन काठाला लागले. बाया पिण्याचं पाणी नदीच्या वाळूत झिरा खोदून भरत, तो झिराही पिवळा पडला. वनाची बायको धुरपदाबाई चुलीवरची डाळ पळीनं ठेचत एक दिवस म्हणाली, "दोन घंटा व्हयनात, डाळ शिजत नही. आनि तुमी रोज हाईच पानी वावरले पाजतस."

वना आपल्या वावरात गेला, ढेकूळ उचललं, जिभेला लावलं आणि थुंकला.

नव्वद सालच्या फेब्रुवारीत गव्हाचा दाणा भरायची वेळ आली. त्या वेळी एक पाणी चुकलं की पीक गेलं. रुपचंदची पाळी चालू होती, त्याचा अर्धा गहू भिजायचा बाकी होता. भर दुपारी वना बंधाऱ्यावर गेला. पाटाच्या तोंडात त्यानं फळ्या बसवल्या, वर काटेरी झुडपं आणि चिखल दाबला. नदीचं पाणी बंधाऱ्यावरून खाली वाहून जाऊ लागलं.

रुपचंद पळत आला. "पानी कोनी बंद करं?"

"मी."

"मनी पाळीनं पानी शे हाई. तुना बाप बी पाटकरी व्हता. त्यानी कधी असं करं का?"

"मना बापना टाइमले नदीमा नदीनंच पानी व्हतं," वना म्हणाला आणि हात धुवायला लागला. मग पाण्याकडे पाहून त्यानं हात तसेच धोतराला पुसले.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याजवळच्या लिंबाखाली पंच बसले. मुख्य पंच झुलाल आबा, सत्तरीचा म्हातारा, बोलायला सावकाश. रुपचंदनं सरळ आरोप केला, "खालला गाववालासनी याले फितवी लिधं. त्यासले पानी जास्त पाहिजे."

असा आरोप झाला की फडात एकच रीत होती. ज्याच्यावर आरोप, त्यानं पाटाचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घ्यायची आणि ते प्यायचं. मग आरोप करणाऱ्यानंही तेच पाणी प्यायचं. दोघं प्यायले की वाद मिटला.

वनानं पाटात साचलेलं पाणी तांब्यात भरून आणलं. ओंजळ भरली. "कोनी फितवं नही. मना मनथीन बंद करं. जमीन मरी ऱ्हायनी म्हनीसन." इतकं म्हणून तो ते पाणी प्यायला. चेहरा वाकडा झाला, पण घोट खाली उतरवला.

मग तांब्या रुपचंदसमोर आला. त्यानं ओंजळ केली. पाणी तिच्यात पडलं, वास नाकात गेला आणि तो तसाच बसून राहिला.

"पी ना भो," वना म्हणाला. "आयतं खत शे."

दोन-चार जण हसले. रुपचंद हसला नाही. त्यानं बोटं सैल केली आणि पाणी मातीत जाऊ दिलं. झुलाल आबानं तांब्या उचलून नाकाशी नेला आणि लांब ठेवला.

"पाट बंद ऱ्हाई," आबा म्हणाला. "ज्यानी माय-बहिन झिराना पानीवर जगस, त्यानी पाट उघडा म्हनीसन इठे बोलानं नही." मग तो वनाकडे वळला. "पन चालू पाळी तोडी तू. आजथीन तू पाटकरी नही."

"माले माहीत व्हतं," वना म्हणाला.

त्याला तीन दिवस जुलाब लागले. गावाचा गहू चिमला, वनाचाही. पाट बंद असला तरी पाटकरी लागतोच, गावानं रुपचंदलाच नेमलं. वना चिडून म्हणाला की बरं झालं, पाट उघडायचा झाला तर आता त्यालाच या पाण्यात उभं राहावं लागेल. दोघांचं बोलणं बंद झालं.

गावाचे अर्ज सरकारकडे गेले. तपासणीचे साहेब आले, पण कारखान्याला आठ दिवस आधी कळवून आले. त्या दिवशी नाला असा स्वच्छ की साहेबांनी त्यात रुमाल धुतला. मग गावानं पाळ्या लावल्या, पण पाणी घ्यायच्या नाही. रोज एका घरानं नाल्याच्या तोंडाशी जायचं, बाटली भरायची, वर तारीख चिकटवायची. पहिली पाळी वनानं मागून घेतली. अडीचशेच्या वर बाटल्या एका बैलगाडीतून तालुक्याच्या कचेरीत नेल्या आणि टेबलावर, खुर्च्यांवर, जिन्यावर मांडल्या. वासानं कारकून बाहेर पळाले. साहेब दोन महिन्यांनी परत आले, या वेळी न कळवता.

कारखान्यानं मळीसाठी खड्डे खोदले. दोन पावसाळे गेले. ब्याण्णवच्या हिवाळ्यात पाणी बरंच निवळलं, झिरे नितळ झाले, आणि लोक पाट उघडायला उतावीळ झाले. रुपचंद पावणेतीन वर्षांनी पहिल्यांदा वनाच्या ओट्यावर आला.

"फळ्या काढू का नही?"

"माले काय इचारस? पाटकरी तू शेस."

रुपचंद ओट्यावरून उतरून सरळ निघाला. बंधाऱ्यावर जाऊन त्यानं पाणी चाखलं, थुंकला आणि फळ्या तशाच ठेवल्या. आणखी आठ दिवस ठेवल्या. पेरणी लांबली, गावानं त्याला पारावर मनसोक्त शिव्या घातल्या. वना तिथेच तंबाखू मळत बसलेला होता. त्यानं रुपचंदची बाजू एका शब्दानंही घेतली नाही. पण पेरणीला उशीर झाला म्हणून तक्रारही केली नाही, आणि शिव्या ऐकायला न थांबता सगळ्यात आधी उठून घरी गेला.