रात्रपाळीचं रेटिनॉल

माझी मावशी टोलनाक्यावर कायमची रात्रपाळी करते. डोळ्यांभोवती सुरकुत्या दिसायला लागल्या, म्हणून तिने रेटिनॉलचं क्रीम आणलं. डबीवर फर्मान होतं, ‘रात्री लावा.’ बाईसाहेबांनी इमानेइतबारे रात्री लावलं आणि ड्यूटीवर गेल्या. सकाळी तेच तोंड घेऊन उन्हातून चालत घरी. महिनाभरात चेहरा लालबुंद झाला, हनुवटीची सालं निघाली.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, झोपताना लावायचं. वाटाण्याएवढंच, तेही एक दिवसाआड. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन.”

“मग ‘झोपताना’ असं लिहायला हात मोडले होते काय यांचे?” मावशी कडाडली. “रात्री सगळं जग घोरत पडतं असं वाटतं की काय?”

तरी तिने नेटाने लावलं, सकाळी पडदे ओढून झोपण्याआधी, एक दिवस सोडून. चार-पाच महिन्यांनी सुरकुत्या खरंच पुसट झाल्या. जागरणं मात्र झेपेनात, म्हणून ती साहेबांकडे दिवसपाळी मागायला गेली.

साहेबांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“काहीतरीच काय बाई! तुम्हाला तर रात्रपाळी चांगलीच मानवलीय.”