शेजाऱ्याची दुपार

लाओसमध्ये, चीनच्या सीमेजवळच्या एका खानावळीत आम्ही नवरा-बायको बसलो होतो. पाटीवर चिनी अक्षरं ठसठशीत, त्यांच्याखाली लाओ अक्षरं मुंगीएवढी. भिंतीवरचं घड्याळ तासभर पुढे होतं. मालकाला तसं सांगितलं, तर तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐटीत म्हणाला, "पुढे नाही, ती चीनची वेळ आहे. गिऱ्हाईक सगळं तिकडचं ना!"

मला किळस आली. बलाढ्य देशाने शेजाऱ्याच्या खाणी मागाव्यात, जंगलं मागावीत, हे जुनंच आहे; पण त्याची दुपारही हवी? एवढी हाव भिकाऱ्यालाही शोभत नाही. आणि कुणी मागण्याआधीच ती काढून देणारा हा शेजारी! वाक म्हटलं की लोटांगण घालणारा.

तेवढ्यात मालकाने दारात बसलेल्या म्हाताऱ्या आईला हाक मारली. ती त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि कोंबड्यांना दाणे टाकत राहिली. मालक ओशाळला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मी म्हटलं, बारा वाजले, जेवायला ये. ती म्हणते, घड्याळाचे वाजले असतील. मग त्यालाच वाढ."