बरफावरच्या मान्साचा शिक्का

माह्या हातून मागावर इतभर लुगडं कधी नीट निंगालं नाई. धोटा इकडून फेकला का तिकडच्या भिंतीले लागे. मंग मी माग सोडला आन दंडारीत, गावोगावच्या नाचगान्याच्या खेळात, जोकर झालो. माय म्हने, "लोक हासतेत तुह्यावर, आन तू त्यालेच कमाई समजतं." आमच्या पवनीत सारे माही नक्कल पाहात, पन माय कधी आली नाई. मले तेवढंच लागून राहे.

गोंदिया जिल्हा आमच्यापासून येगळा होऊन काही वर्सं झाली होती. दिवाळी सरली आन कोंढ्याच्या मंडईच्या जत्रेत भर दुपारी आमची दंडार उभी राह्यली. माही मावशी त्याच गावची. तिनं मायले वढत आनलं. माय तोंडावर पदर घेऊन एकदम मांगं बसली.

गावचा एक जवाई कॅनडात राहे. त्यानं मले बक्षीस देल्लं, तिकडच्या पैशाचा चकचकीत शिक्का. बक्षीस भेटलं का जोकरनं त्या बक्षिसावरच नक्कल करावी, असा आमचा रिवाज. शिक्क्याच्या एका आंगाले रानी, दुसऱ्या आंगाले दोन काठ्या धरून वाकलेला मानूस.

"जवाईबापू, तुमच्याकडं लंगड्याले बी पैशावर बसवतेत का?" म्हनत मी दोन बांबू घेतले आन लंगडत निंगालो.

"अबे, लंगडा नोहे तो!" जवाई वरडला. "बरफावरून घसराचा खेळ हाय. तिकडं थंडीच्या खेळायची मोठी जत्रा भरते, तिचा शिक्का हाय!"

बरफ मी फक्त गोळ्याच्या गाडीवर पाह्यला होता. पन जोकर माघार घेते का? खाली धानाची तनस पसरली होती, तिच्यावरून घसरलो. थांबताच येईना. सीधा ढोलकीवाल्याच्या मांडीवर. धोतर एकीकडं, मी एकीकडं. लोकायले वाटलं, हे बसवलेलंच हाय.

मांगं पाह्यलं त मायचा पदर खाली, आन ती डोये पुसत हासून राह्यली होती. माय जाऊन लय दिवस झाले, ते हासनं मले अजून आयकू येते.

घरी जाताना तिनं शिक्का मांगला. लुगड्यातली गाठ पाहावी तसा डोयाजवळ धरला.

"हा बी तुह्यावानीच दिसते रे. पडाले निंगाला, आन लोकायनं शिक्क्यावर काढला."

शिक्का तिनं आपल्या चंचीत सुपारीसंगं टाकला.

"माय, तो माहा हाय."

"राहू दे. उद्या कोन्या गावाले हाय तुही दंडार?"

दुसऱ्या दिवशी माय साऱ्यायच्या पुढं येऊन बसली. मी तिच्यासाठी मुद्दाम घसराले गेलो, त पायच घसरेना, खांबावानी उभाच राह्यलो.