सगळ्यांना चालणारी स्की

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा गरम मेणाचा वास आला आणि लेक टाहोजवळचं, स्कीच्या तळाला मेण लावून देणारं दुकान आठवलं. मुलगा आणि सून सनीव्हेलहून मला तिथे घेऊन गेले होते. नवशिक्याला चालेल आणि तरबेजालाही, अशी एकच जोडी मी त्या दोघांत मिळून भाड्यानं घेतली. माणूस बदलला की, पडल्यावर बूट स्कीतून सोडणारा खटका त्याच्या वजनाप्रमाणे सेट करून घ्या, असं दुकानदारानं बजावलं होतं. मुलाची फेरी झाल्यावर सून म्हणाली, "बाबा, दुकानात जाऊन सेट करून आणू?" "जन्मभर मशिनं जुळवलीत मी, तो काय शिकवणार? आणि तू काय ऑलिंपिकला निघालीस?" मी खटका फक्त तिच्या बुटाच्या लांबीला जुळवला, वजनाचा आकडा मुलाचाच ठेवला. ती पडली, खटका सुटलाच नाही, गुडघा पिळवटला. ती बर्फात विव्हळत होती आणि मी म्हणालो, "नाजूक बाहुली!" आजही ती कठडा धरून जिना उतरते आणि मला चहा आणून देते. चूक माझी होती, एवढंच सांगायला मी तोंड उघडतो आणि म्हणतो, "साखर कमी आहे."