टोपलीत उरलेली टोपी

आमच्या आईला बोगद्यात न्यायचं म्हणजे मांजराला अंघोळ घालायची. ऑक्टोबरातल्या लांब सुट्टीला आमचं सगळं घर दरीत जातं, जुन्या सोन्याच्या खाणीत एका तोंडाने शिरतं आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं. आई, थेल्मा तिचं नाव, आत पाऊल टाकत नाही. ती जेवणाची टोपली घेऊन नदीकाठच्या खालच्या वाटेने वळसा घालते आणि पलीकडे आमची वाट बघत उभी राहते.

निघण्याआधी ती प्रत्येकाकडून एक वस्तू काढून घेते. किल्ल्या, घड्याळ, केसांची क्लिप, काहीही चालतं. बाहेर आलात की परत. नाही दिली तर मांस-बटाट्याची करंजीसारखी पास्टी विसरा.

"आई, जकात नाका उघडलास का?" माझा भाऊ रॉस दरवर्षी विचारतो.

"वस्तू टाक आणि तोंड बंद कर," आई म्हणते.

तिचे वडील याच खाणीत कामाला होते. आत जाताना प्रत्येक जण आपला पितळी बिल्ला खाणीच्या तोंडाशी फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. एका संध्याकाळी सगळे बिल्ले गेले, एक राहिला. आई तेव्हा एवढीशी होती, आपल्या आईचा हात धरून त्या फळीसमोर उभी. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही बटाटे सोलताना. आयुष्यभर गावच्या पोस्टात बसली, अख्ख्या गावाच्या खबरा तिला ठाऊक, पण तिच्या पोटातलं कुणाला कळेल तर शपथ.

बाबा, क्लेम, अगदी उलटे. तोंडाला कुलूप नाही. दगड नदीत ढकलायला खाणवाल्यांनी बोगद्याच्या भिंतीत खिडक्या पाडल्या आहेत. त्यातल्या एकीत उभे राहून बाबा खाली वाटेवरच्या आईला हात करायचे आणि ओरडायचे, "थेल्मा, अजून नवरा हवाय का?"

"विचार करून सांगते!" खालून आई ओरडायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत हे गृहस्थ काही हलायचे नाहीत.

आता बाबांचं डोकं विरत चाललंय. आईला ते 'बाई' म्हणतात. "चहा फक्कड झालाय हो, बाई," म्हणतात आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे कप धुऊन ठेवतात. थंडीत एकदा पायजम्यावरच हमरस्त्याला लागले, तेव्हा मी शहरातलं एक वृद्धाश्रमासारखं घर बघून आले. आई ऐकेना. वर म्हणते, यंदाच्या फेरीलाही त्याला न्यायचं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. माझा आवाज चढतो, काय करू. "ठीक आहे. पण तिथे काही झालं, तर मंगळवारी मी त्या घराला फोन करणार. मग रडायचं नाही."

"नाही रडणार," आई म्हणाली.

तर गेलो. बाबांनी निमूटपणे लोकरी टोपी टोपलीत टाकली. मी कंदील धरून पुढे, मागे रॉसची मुलगी टुई, आणि शेवटी बाबांचा हात धरून रॉस. मध्येच टुईच्या बाहीवर वेटा पडला. हाताच्या पंज्याएवढा तो किडा! पोरीने अशी किंकाळी फोडली की रॉस धावला. किडा झटकला, हसलो, एकमेकांना भित्रे म्हणत उजेडात आलो. आई उभीच होती. मला घड्याळ दिलं, टुईला क्लिप, रॉसला किल्ल्या. मग टोपलीत बघून ती थांबली.

टोपी उरली होती.

रॉसचा चेहरा पांढराफटक. "आत्ता तर हात... किडा पडला तेव्हा..." आणि तो हाका मारत आत धावणार, तेवढ्यात आईने त्याची कॉलर धरली. "ओरडू नकोस. ओरडलं की तो लपून बसतो. मी जाते."

"तू?" मी म्हटलं.

तिने गळ्यातला निळा स्कार्फ सोडला, टोपलीत टाकला, टोपली माझ्या हातात दिली आणि माझ्याकडून कंदील घेतला. "आल्यावर घेईन," म्हणाली. आणि गेली आत.

मी टोपली धरून उभी राहिले. नदीचा आवाज, नेच्याच्या झाडांवरून ठिबकणारं पाणी, बाकी काही नाही. टोपीकडे बघवेना आणि दुसरीकडे नजर जाईना. इतकी वर्षं आम्ही आत हसत-खिदळत फिरलो आणि ही बाई इथे अशी उभी होती. मला माझीच लाज वाटली. मंगळवारच्या फोनचं तर मनातही आलं नाही.

बाबा खिडकीतच होते. आईने नंतर गाडीत सांगितलं. यंदा काळजीने तिचं लक्ष पायांखाली होतं, वर बघायचं राहूनच गेलं. "खालून एक बाई जायची आहे," बाबा तिला म्हणाले, "तिला हात केल्याशिवाय कसं निघू?" मग आई त्यांच्याशेजारी बसली आणि खालच्या रिकाम्या वाटेला दोघांनी मिळून हात केला.

आधी कंदील दिसला, मग दोघं. आईचे गुडघे चिखलाने भरलेले, बाबांचा हात तिच्या दंडाला. बाबा सरळ माझ्यासमोर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"माझी टोपी."

मी दिली. त्यांनी ती नीट कानांवर ओढली. हात तसाच पुढे.

"आणि माझ्या बायकोचा स्कार्फ."

स्कार्फ आईने स्वतःच घेतला, पण तिला गाठ मारता येईना. शेवटी टुईने मारून दिली.

पास्ट्या खाईपर्यंत बाबा पुन्हा विसरले होते. "फक्कड झाल्यात हो, बाई," म्हणाले.

आईने कागद गोळा केले, टोपलीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगळवारी फोन करणार आहेस ना?"

"कुणाला?" मी म्हटलं.