अण्णांचा कच्चा माल

फोटो काढून झाला की लोकांना तो लगेच पाहायचा असतो. कुणी "दाखवा की राव, कसा आलाय" म्हटलं, की अण्णा कॅमेरा पोटाशी धरायचे आणि म्हणायचे, "कच्चा माल गेटाबाहेर जात न्हाई." नवरदेव असो नाहीतर नगरसेवक, नियम तोच. दिघीतल्या त्यांच्या स्टुडिओला चांगलं देवाधर्माचं नाव होतं, पण सगळे त्यांना कच्चामाल अण्णाच म्हणायचे. त्यांना ते चालायचं.

अण्णा मूळचे भोसरीचे, जुन्या घरातले. स्टुडिओ त्यांनी उतारवयात काढला. त्याआधीची सगळी वर्षं एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, इन्स्पेक्शनच्या टेबलामागे पत्र्याचे पीस मापाच्या गेजला लावून बघण्यात गेली. माझे बाबा त्याच कंपनीत, प्रॉडक्शनला. बाबांनी पीस काढायचे आणि अण्णांनी ते परत पाठवायचे, हा दोघांचा संसार कंपनीला कुलूप लागेपर्यंत चालला. "तेवढं चालतं रे अण्णा, सोड," असं बाबा म्हणायचे. "तुला चालतं शिंदे, गेजला चालत न्हाई," असं उत्तर यायचं. भांडून झालं की एकाच डब्यातली भाजी खायचे.

फोटोंच्या धंद्यातही ते इन्स्पेक्शनच करत राहिले. मोठे कॅमेरे रॉ फाइल देतात. मोबाइलसारखा तयार फोटो नव्हे, तर कॅमेऱ्यात जेवढा उजेड शिरला तेवढा सगळा, रंगांचा निकाल न देता साठवलेला. ती फाइल कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, पिवळेपणा काढायचा, चेहरे उजळायचे आणि मगच छापायचं. कॅमेरा रॉबरोबर तयार फोटोही देऊ शकतो, पण अण्णांनी ती सोय बंद करून ठेवली होती. दुय्यम माल कार्डावर कशाला, असं त्यांचं म्हणणं.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवा कॅमेरा घेतला. जुन्यात कमी उजेडात फोटोवर बारीक दाणे येतात आणि शिंदेच्या पोरीच्या फोटोत दाणे आलेले त्यांना चालणार नव्हते. दुकानात नुकताच आलेला, अगदी ताजा कॅमेरा. लग्नानंतर त्यांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर पडद्यावर नुसते करडे चौकोन, प्रत्येकावर फुली. त्यांच्या प्रोग्रॅमला या कॅमेऱ्याची ओळखच नव्हती. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली कळायला प्रोग्रॅमचं अपडेट यावं लागतं आणि ते आलेलं नव्हतं. अण्णा रोज सकाळी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे आणि अपडेटचं बटण दाबायचे. उदबत्ती विझायची, फुल्या तशाच.

माझा नवरा रावेतचा, सॉफ्टवेअरमधला. तो स्टुडिओत जाऊन म्हणाला, "अण्णा, प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात एक तयार फोटो असतोच. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दिसतो तोच. मी तो बाहेर काढून देतो, आत्ता."

"म्हाईत हाय जावईबापू," अण्णा म्हणाले. "पन ते कॅमेऱ्याचं मत हाय. माझं न्हाई."

नवरा हसत घरी आला. मला हसू आलं नाही, कारण बाबा वाट पाहत होते. मंगलाष्टकांच्या तोंडावर कार्यालयातली वीज गेली होती आणि जनरेटर सुरू झाला तरी धड चालत नव्हता. बाबा त्या जनरेटरवाल्याला धारेवर धरायला मागच्या बाजूला गेले ते तिथेच अडकले. कन्यादानाला तेवढे घाम पुसत येऊन बसले. "लग्न मी लाउडस्पीकरवर ऐकलं, आता फोटोत बघीन," असं ते सगळ्यांना सांगायचे. त्यांची साखर जुनी, ती डोळ्यांवर आली होती. एक डोळा जवळजवळ गेलेलाच होता. लग्नानंतर दुसऱ्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं आणि स्पष्टच सांगितलं, आत्ता दिसतंय तेवढं नंतर दिसेल याची खात्री नाही.

बाबा अण्णांना एका शब्दाने काही बोलले नाहीत. "तो सोडायचा नाही. जन्मात एक पीस सोडला नाही," एवढंच. शेवटी मीच स्टुडिओत गेले आणि सगळं सांगितलं. आवाज चढवूनच सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, माझ्यासमोर पुन्हा बटण दाबलं. अपडेट नव्हतं. मी चप्पल घालून निघाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा घरी आले. गळ्यात कॅमेरा. "सरक शिंदे," म्हणत ते पलंगावर बाबांना चिकटून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कॅमेऱ्याची मागची बाजू दुसऱ्याकडे वळवली. बाबांनी ती डोळ्याला जवळजवळ टेकवली. अण्णा एकेक फोटो मोठा करून दाखवत होते आणि प्रत्येकाची माफी मागत होते. "हे पिवळं दिसतंय ते कार्यालयाच्या दिव्यांचं हाय, मी काढनार हाय. हितं अंधार हाय, उजळनार हाय."

"गप रे," बाबा म्हणाले. "पास. पुढचा."

मग तसंच चाललं. पास. पास. जनरेटरवाल्यावर ओरडणारे बाबा स्वतःच एका फोटोत निघाले, तो "रिजेक्ट" म्हणून टाकला. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मग अंतरपाटाचा फोटो आला आणि बाबा थांबले.

"ही समोर का बघत नाहीये?" त्यांनी विचारलं.

"तुला हुडकत व्हती," अण्णा म्हणाले.

ते खरं होतं. मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला टेकवला. मग म्हणाले, "हा पास. बस आता, डोळा दुखतोय."

ऑपरेशन झालं. आता बाबांना उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. अपडेट त्यानंतर आलं आणि अण्णांनी अल्बम करून दिला. त्याची सुरुवातीची पानं हळदीसारखी पिवळीजर्द आहेत. अंतरपाटाच्या फोटोनंतर एकदम रंग स्वच्छ होतात, साड्या साड्यांसारख्या दिसतात. मी विचारलं, "अण्णा, हे सुरुवातीचे तेवढे पिवळेच राहून गेले का?"

"न्हाई पोरी. ते तुझ्या बापानं पास केल्यात," अण्णा म्हणाले. "पास झालेल्या मालाला पुन्यांदा हात लावायचा नसतो."

अण्णा गेल्याला आता वर्ष होईल. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय. पाहुणे घरी आले की बाबा अजून अल्बम मागवतात, मांडीवर घेतात आणि अंदाजाने पानं उलटतात. मधेच थांबून मला विचारतात, "पिवळाच आहे ना?"

मी सांगते, "हो बाबा. पिवळाच आहे."

"पास," म्हणतात आणि पान उलटतात.